रुळाच्या आतला तडा डोळ्यांना दिसत नाही, मग रेल्वेला तो सापडतो कसा?

डिसेंबर-जानेवारीतली सकाळ. तुम्ही प्लॅटफॉर्मवर उभे आहात, इंडिकेटरवर गाडी दिसतेय पण येत नाहीये. मग घोषणा होते : ‘रुळाला तडा गेल्याने गाड्या उशिराने धावत आहेत.’ पाच मिनिटांत व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो येतो. रुळाच्या मधोमध बोटभर फट आणि शेजारी केशरी जॅकेट घातलेले चार-पाच कर्मचारी.

आपण वैतागतो आणि उशीर झाल्याचा मेसेज ऑफिसला टाकतो. पण खरं बघायला गेलं तर ही बातमी चांगली असते. तडा सापडला, गाडी थांबवली, माणसं सुखरूप राहिली. खरा धोका असतो न सापडलेल्या तड्याचा. असे तडे बऱ्याचदा रुळाच्या आत, पोलादाच्या पोटात सुरू होतात. वरून रूळ अगदी चकचकीत दिसतो आणि आतून तो तुटायला आलेला असतो.

भारतात रेल्वेचे एक लाख किलोमीटरहून जास्त रूळमार्ग आहेत. त्यातला आतला तडा शोधायचा कसा? त्यासाठी कोणती यंत्रं वापरतात? आणि यंत्र असूनही रूळ तुटतात ते का? एकेक गोष्ट समजून घेऊया.

आधी कळू द्या, रूळ तुटतो का?

रुळाचा आडवा छेद घेतला तर त्याचे तीन भाग दिसतात. वर डोकं, ज्यावरून चाक धावतं. मध्ये उभी पातळ पट्टी, म्हणजे रुळाचं पोट. आणि खाली रुंद पाया, जो स्लीपरवर बसतो. आज मुख्य मार्गांवर जो रूळ वापरतात त्याला ‘६० किलोचा रूळ’ म्हणतात, कारण त्याच्या एका मीटरचं वजन साधारण ६० किलो असतं. उंची १७२ मिलिमीटर.

एवढा दणकट रूळ तुटायची मुख्य कारणं चार.

पहिलं म्हणजे पोलादातला मूळ दोष. रूळ तयार होतानाच आत हायड्रोजन वायू किंवा मळीचा बारीक कण अडकला, तर तिथे सूक्ष्म भेग पडू शकते.

दुसरं, थकवा. चाक आणि रूळ यांचा प्रत्यक्ष स्पर्श एखाद्या छोट्या नाण्याएवढ्या जागेत होतो. तेवढ्या जागेवर कित्येक टनांचा भार येतो आणि जातो. हे दिवसातून हजारो वेळा, वर्षानुवर्षं होतं. तार सारखी वाकवली की तुटते ना, तसंच. सूक्ष्म भेग प्रत्येक चाकागणिक किंचित वाढत जाते.

तिसरं, सांधे. दोन रूळ जागेवरच जोडायला थर्मिट वेल्डिंग करतात. ॲल्युमिनियमची पूड आणि लोहाचा ऑक्साइड पेटवून वितळलेलं लोखंड फटीत ओततात. काम घाईत झालं, साचा नीट बसला नाही किंवा आत हवेचा बुडबुडा राहिला, तर तो सांधा कच्चा राहतो.

चौथं, हवामान. पूर्वी दोन रुळांमध्ये फट असायची, त्यामुळे गाडीचा ‘खडक-खडक’ आवाज यायचा. आता रूळ सलग वेल्ड केलेले असतात. थंडीत पोलाद आकसायला बघतं, पण स्लीपरला जखडलेलं असल्याने त्याला आकसता येत नाही. मग आत ताण साठतो. ६० किलोच्या रुळात तापमान एका अंशाने उतरलं की सुमारे १.८ टन ओढ तयार होते. रूळ ज्या तापमानाला बसवला त्यापेक्षा पारा २० अंशांनी खाली गेला, तर ही ओढ ३५ टनांच्या पुढे जाते. आत आधीच भेग असेल तर रूळ तिथेच तुटतो. म्हणूनच रुळाला तडा गेल्याच्या बातम्या थंडीच्या पहाटे जास्त येतात.

सुरुवात झाली अमेरिकेतल्या एका अपघाताने

२५ ऑगस्ट १९११. अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात मँचेस्टर नावाच्या गावाजवळ एक प्रवासी गाडी पुलावर घसरली आणि डबे खाली कोसळले. जवळपास ३० जणांचा जीव गेला. प्रवाशांमध्ये अमेरिकेच्या यादवी युद्धात लढलेले वृद्ध सैनिकही होते.

तपासात तुटलेल्या रुळाचे तुकडे बघितले तेव्हा धक्कादायक गोष्ट समोर आली. रुळाच्या डोक्यात आतल्या आत आडवी भेग वाढत गेली होती. ती पृष्ठभागापर्यंत पोहोचलीच नव्हती, त्यामुळे रोज रुळावरून चालत जाणाऱ्या माणसालाही ती दिसली नसती. अशा भेगेला पुढे ‘ट्रान्सव्हर्स फिशर’ हे नाव रूढ झालं.

म्हणजे डोळ्यांनी तपासणी करणं पुरेसं नव्हतं. पोलादाच्या आत बघायची सोय हवी होती.

हे काम अंगावर घेतलं एल्मर स्पेरी या संशोधकाने. जहाजांना दिशा दाखवणाऱ्या जायरोकंपाससाठी ते आधीच प्रसिद्ध होते. १९२८ मध्ये त्यांची रूळ तपासणारी गाडी अमेरिकेच्या रुळांवर धावली. तिची कल्पना अशी होती : रुळातून जोरदार विद्युतप्रवाह सोडायचा. प्रवाहामुळे रुळाभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. रूळ अखंड असेल तर ते क्षेत्र एकसारखं राहतं. आत भेग असेल तर प्रवाहाला वळसा घालावा लागतो आणि त्या जागी क्षेत्र विस्कटतं. रुळाच्या वरून जाणाऱ्या तारेच्या वेटोळ्यांना हा बदल कळतो.

याच सुमारास पोलाद कारखान्यांनीही धडा घेतला. गरम रूळ सावकाश थंड केले तर आत अडकलेला हायड्रोजन बाहेर पडतो, हे लक्षात आलं. पुढे वितळलेल्या पोलादातूनच निर्वात पद्धतीने वायू काढायला सुरुवात झाली. मँचेस्टरसारखे तडे त्यामुळे बरेच कमी झाले. पण थकव्याने पडणाऱ्या भेगा आणि वेल्डिंगचे दोष राहिलेच.

आजची मुख्य पद्धत : रुळाची सोनोग्राफी

आज जगभरात, भारतातही, आतला तडा शोधायला सगळ्यात जास्त वापरतात त्या अल्ट्रासोनिक लहरी. आपल्याकडे या तपासणीला यूएसएफडी म्हणतात, म्हणजे अल्ट्रासोनिक फ्लॉ डिटेक्शन. तिचे नियम ठरवते लखनौची आरडीएसओ ही रेल्वेची संशोधन संस्था.

समजायला सोपं उदाहरण म्हणजे सोनोग्राफी. डॉक्टर पोटावर जेल लावून प्रोब फिरवतात. प्रोबमधून ध्वनिलहरी आत जातात, आतल्या अवयवांवर आपटून परत येतात आणि त्यावरून चित्र तयार होतं. रुळाचंही तेच. फक्त जेलऐवजी पाणी. कारण प्रोब आणि पोलाद यांच्यामध्ये हवेचा पातळ थर जरी राहिला, तरी लहरी आत शिरत नाहीत.

माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. रूळ तपासताना लहरींची वारंवारता असते २० ते ४० लाख हर्ट्झ. पोलादात सरळ जाणाऱ्या लहरीचा वेग सेकंदाला जवळपास ५,९०० मीटर. म्हणजे १७२ मिलिमीटरच्या रुळात वरून खाली जाऊन परत यायला तिला सुमारे ५८ मायक्रोसेकंद लागतात. प्रतिध्वनी त्याच्या आधीच परत आला, तर वाटेत काहीतरी आहे. किती आधी आला त्यावरून ते किती खोल आहे हेही कळतं. आणि खालून येणारा प्रतिध्वनी आलाच नाही, तरी संशयाला जागा असते.

इथे एक मेख आहे. सरळ खाली जाणारी लहर आडव्या, म्हणजे जमिनीला समांतर भेगा पकडते. पण रुळाच्या डोक्यातली सगळ्यात घातक भेग जवळपास उभी असते. पातळ कागदाची कड वरून बघितली तर दिसते का? तसंच, सरळ लहर त्या भेगेच्या बाजूने निघून जाते. म्हणून काही प्रोब ७० अंशांच्या तिरक्या कोनात लहरी सोडतात. एक पुढच्या दिशेला, एक मागच्या दिशेला. अशी लहर उभ्या भेगेवर समोरून आपटते आणि परत येते. रुळाच्या आतल्या कडेवर, जिथे चाकाची कड घासते, तिथल्या भेगांसाठी आणखी वेगळे प्रोब असतात.

म्हणजे एकच यंत्र एकाच वेळी वेगवेगळ्या कोनांतून रुळात डोकावत असतं.

प्रत्यक्ष रुळावर काय होतं?

तुम्ही कधी दोन-तीन माणसांना रुळावरून पाण्याची टाकी असलेली छोटी ढकलगाडी नेताना बघितलं असेल. ती बहुतेक वेळा हीच तपासणी असते. एका वेळी एकच रूळ तपासणारी गाडी असते, तशीच दोन्ही रूळ एकत्र तपासणारीही. वेग म्हणजे माणसाच्या चालण्याचा. ऑपरेटर स्क्रीनकडे बघत चालतो. मागून-पुढून गाड्या येतच असतात. त्या आल्या की ढकलगाडी रुळावरून उचलायची, गाडी गेली की परत ठेवायची.

पूर्वीच्या यंत्रात स्क्रीनवर क्षणभर रेघ उसळायची आणि जायची. ऑपरेटरची नजर त्या क्षणी हलली की संपलं. आता नवीन यंत्रं पूर्ण तपासणीची नोंद ठेवतात, जीपीएसने जागाही नोंदवतात. ऑफिसमध्ये बसून ती पुन्हा बघता येते.

दोष सापडला की पुढे काय, याचे नियम ठरलेले आहेत. दोष गंभीर असेल तर त्याला आयएमआर म्हणतात, म्हणजे ताबडतोब काढण्याजोगा. तिथे लगेच ताशी ३० किलोमीटर किंवा त्याहून कमी वेगमर्यादा लावतात आणि तीन दिवसांत तो तुकडा बदलायचा असतो. दोष कमी गंभीर असेल तर ओबीएस, म्हणजे लक्ष ठेवण्याजोगा. तिथे दोन्ही बाजूंनी पट्ट्या आवळून आधार देतात.

रुळाच्या पोटावर लाल रंगाच्या फुल्याही मारतात. एक फुली म्हणजे लक्ष ठेवा. तीन फुल्या म्हणजे काढून टाका.

किती दिवसांनी तपासायचं हे त्या मार्गावरून किती टन वाहतूक जाते यावर ठरतं. कोळशाच्या मालगाड्या सतत जाणारा मार्ग आणि दिवसाला चार पॅसेंजर जाणारा मार्ग यांचं वेळापत्रक सारखं नसतं.

एक गोंधळ दूर करूया

‘ट्रॅक रेकॉर्डिंग कार’ हा शब्द बातम्यांत बऱ्याचदा येतो. ती आणि यूएसएफडी एकच नाहीत. ट्रॅक रेकॉर्डिंग कार मोजते रुळांची भूमिती : दोन रुळांमधलं अंतर, पातळी, वळणावरचा उंचसखलपणा. रुळाच्या आतला तडा तिला दिसत नाही. रक्तदाब मोजणं आणि एक्स-रे काढणं यात जो फरक, तोच इथे. दोन्ही हवेत.

मग सगळे तडे सापडतात का?

नाही. आणि हे प्रामाणिकपणे समजून घेणं गरजेचं आहे.

प्रोब रुळाच्या डोक्यावरून फिरतो. त्याच्या लहरी सरळ पोटातून खाली जातात. पण पायाचे दोन्ही बाजूंना पसरलेले पंख त्यांच्या वाटेत येत नाहीत. नेमका तिथेच गंज जास्त लागतो. समुद्रकिनाऱ्याची खारट हवा, पावसाळ्यात साचणारं पाणी, हे मुंबई-कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. वर्षानुवर्षं डब्यांच्या शौचालयातली घाण थेट रुळावर पडायची, तिनेही रूळ गंजायचे. अणुशास्त्रज्ञ डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या रेल्वे सुरक्षा समितीने २०१२ च्या अहवालात हा प्रकार थांबवण्याची शिफारस केली होती. आता डब्यांना जैव-शौचालयं आहेत.

दुसरी अडचण वेल्डिंगची. सांध्याच्या आजूबाजूला हाताने वेगळे प्रोब फिरवून तपासणी करावी लागते. ढकलगाडी वरून गेली म्हणजे सांधा पूर्ण तपासला गेला, असं होत नाही.

तिसरी अडचण सगळ्यात फसवी. रुळाच्या पृष्ठभागावर बारीक भेगांचं जाळं असेल तर लहरी तिथेच अडतात. खाली मोठा तडा असला तरी तो त्या भेगांच्या सावलीत लपतो. यंत्र ‘दोष नाही’ म्हणत नाही, पण ‘दिसत नाही’ म्हणतं. या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

हॅटफिल्ड : तडा माहीत होता, तरीही

१७ ऑक्टोबर २०००. लंडनहून लीड्सला निघालेली गाडी ताशी सुमारे १८५ किलोमीटर वेगाने हॅटफिल्ड स्टेशनजवळच्या वळणावर आली आणि तिच्याखालचा रूळ फुटला. तुटला नाही, फुटला. त्याचे ३०० हून जास्त तुकडे झाले. चार जण मरण पावले, ७० हून जास्त जखमी झाले.

कारण होतं रुळाच्या आतल्या कडेवर चाकांच्या घर्षणाने आणि दाबाने पडलेल्या भेगा. आणि वाईट गोष्ट म्हणजे त्या रुळाची अवस्था खराब आहे हे आधीपासून माहीत होतं. बदलायचे नवे रूळही आणले गेले होते. पण ते बसवले नव्हते आणि गाड्यांचा वेगही कमी केला नव्हता.

अपघातानंतर ब्रिटनमध्ये देशभर तपासणी झाली. अशाच भेगा इतक्या ठिकाणी सापडल्या की हजारहून जास्त ठिकाणी वेगमर्यादा लावाव्या लागल्या. कित्येक महिने वेळापत्रक कोलमडलं. रूळ सांभाळणारी खासगी कंपनी रेलट्रॅक पुढच्या वर्षी आर्थिक संकटात बुडाली आणि २००२ मध्ये नेटवर्क रेल या संस्थेने तिची जागा घेतली.

तांत्रिक धडा असा मिळाला की फक्त अल्ट्रासोनिकवर विसंबून चालणार नाही. म्हणून पृष्ठभागावरच्या भेगांसाठी ‘एडी करंट’ पद्धतीकडे जास्त लक्ष गेलं. यात तारेचं वेटोळं रुळाच्या अगदी जवळून नेतात, त्यामुळे पोलादात भोवऱ्यासारखे छोटे विद्युतप्रवाह तयार होतात. भेग असेल तर ते विस्कळीत होतात. ही पद्धत खोलवर बघू शकत नाही, पण अल्ट्रासोनिक जिथे आंधळं होतं त्या वरच्या काही मिलिमीटरमध्ये ती उपयोगी पडते. शिवाय ठरावीक काळाने रुळाचा वरचा पातळ थर घासून काढायचा, म्हणजे भेगा लहान असतानाच नष्ट होतात. याला रेल ग्राइंडिंग म्हणतात. भारतातही हे काम होतं.

तडा शोधणं वेगळं, तुटलेला रूळ कळणं वेगळं

समजा तपासणी गेल्या महिन्यात झाली आणि रूळ आज पहाटे तीन वाजता तुटला. मग?

बऱ्याच ठिकाणी रुळांमधून कमी दाबाचा विद्युतप्रवाह सोडलेला असतो. त्याला ट्रॅक सर्किट म्हणतात. त्याचं मूळ काम गाडी कुठे आहे हे कळवणं. पण रूळ तुटला की प्रवाह खंडित होतो आणि सिग्नल लाल होतो. हा मोठाच फायदा आहे. मात्र रूळ अर्धवट तुटला आणि टोकं एकमेकांना टेकलेली राहिली, तर प्रवाह चालूच राहतो. जिथे ट्रॅक सर्किटऐवजी चाकांचे आस मोजणारे ॲक्सल काउंटर आहेत, तिथे ही सोय नसते.

दक्षिण आफ्रिकेत लोहखनिज नेणारा सिशेन ते साल्डान्हा हा सुमारे ८६० किलोमीटरचा मार्ग आहे. तिथे रुळाला कायमचे ट्रान्समीटर आणि रिसीव्हर बसवून रुळातूनच लहरी पाठवल्या जातात. लहर दुसऱ्या टोकाला पोहोचली नाही की रूळ तुटला असं समजायचं. रुळाशेजारच्या ऑप्टिकल फायबरने कंपनं ‘ऐकून’ तडा ओळखण्याचे प्रयोगही वेगवेगळ्या देशांत चालू आहेत. धावत्या गाडीखाली कॅमेरे लावून संगणकाकडून फोटो तपासून घेण्याची पद्धतही आली आहे. कॅमेऱ्याला सुटलेले नट-बोल्ट आणि वरच्या भेगा दिसतात, आतल्या नाही.

आणि शेवटी कीमन

एवढी यंत्रं असूनही रोज पहाटे कीमन आपल्या वाट्याचे काही किलोमीटर रूळ पायी तपासतो. हातात हातोडा, पाना, झेंडे. थंडीत रात्रीची गस्तही असते. त्याला रूळ तुटलेला दिसला तर आधी येणारी गाडी थांबवायची. नियम असा की तुटलेल्या जागेपासून ६०० मीटरवर रुळावर एक फटाका आणि १,२०० मीटरवर तीन फटाके लावायचे. चाक त्यावरून गेलं की मोठा आवाज होतो आणि ड्रायव्हर ब्रेक लावतो. मोबाइलच्या जमान्यातही ही पद्धत कायम आहे, कारण तिला नेटवर्क लागत नाही.

रेल्वे मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०१३-१४ मध्ये देशात रूळ तुटण्याच्या २,५०० हून जास्त घटना झाल्या होत्या. दहा वर्षांनी हा आकडा ५०० च्या खाली आला. चांगले रूळ, कमी सांधे आणि जास्त तपासणी ही त्यामागची कारणं.

पण दुसरी बाजूही आहे. गाड्या घसरण्याबद्दलच्या २०२२ मधल्या कॅगच्या अहवालात ट्रॅक रेकॉर्डिंग कारच्या तपासण्या ठरल्यापेक्षा ३० ते १०० टक्के कमी झाल्याचं म्हटलं होतं. शंभर टक्के कमी म्हणजे काही ठिकाणी तपासणी झालीच नाही. यंत्र घेणं एक, ते वेळेवर फिरवणं दुसरं, आणि त्याने दाखवलेला रूळ वेळेवर बदलणं तिसरं. शेवटच्या दोन्ही कामांना रूळ रिकामा हवा असतो, म्हणजेच ब्लॉक लागतो. रविवारचा मेगाब्लॉक आपल्याला नकोसा वाटतो, पण ही कामं त्याच काही तासांत उरकावी लागतात.

तो व्हायरल व्हिडिओ आणि आपण

‘बघा, तुटलेल्या रुळावरून गाडी नेतायत!’ असा व्हिडिओ तुमच्याकडेही आला असेल. त्यात रुळाच्या दोन्ही बाजूंना जाड पट्ट्या आणि शिकंजे लावलेले दिसतात का, ते बघा. तसं असेल तर ती तात्पुरती दुरुस्ती आहे. नवा तुकडा बसेपर्यंत गाड्या अगदी हळू सोडतात आणि तिथे माणूस उभा असतो. तसंच जुन्या पद्धतीच्या सांध्यावर दोन रुळांमधली सरळ, कापल्यासारखी छोटी फट आणि बाजूला बोल्टच्या पट्ट्या दिसल्या, तर तो तडा नाही, ती मुद्दाम ठेवलेली जागा आहे.

पण पट्ट्या नाहीत, माणूस नाही आणि रुळात वेडीवाकडी ताजी फट दिसतेय, तर आधी व्हिडिओ पोस्ट करू नका. रुळावरही उतरू नका. जवळच्या स्टेशन मास्तरला किंवा फाटकावरच्या गेटमनला सांगा, नाहीतर १३९ वर फोन करा. जवळचं स्टेशन, खांबावर लिहिलेला किलोमीटरचा आकडा आणि कोणत्या दिशेचा रूळ, एवढं सांगितलं तरी पुरे.

व्हिडिओ नंतरही टाकता येईल. आधी मागून येणारी गाडी थांबली पाहिजे.